दोन हजार वर्षांचे वैर? छे, तीस वर्षांची करणी!



बेंगळुरूच्या आर. एम. एस. कचेरीत रात्रपाळीच्या चहाला कधी बसलात, तर जगाच्या राजकारणावरची भाषणे फुकटात ऐकायला मिळतात. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी युनियनच्या कामाच्या निमित्ताने पाय तिकडे वळतात. अशाच एका रात्री मोबाईलवर गाझाचे ढिगारे पाहत एक तरुण सॉर्टर म्हणाला, “काका, हे ज्यू आणि मुसलमानांचं दोन हजार वर्षांचं धर्माचं भांडण आहे. ते काही मिटायचं नाही. आणि आपल्या महागाई भत्त्याचा, पेन्शनचा त्याच्याशी संबंध काय?” आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. त्या चारांत दोघे युनियनचे पदाधिकारी होते, म्हणून हा लेख लिहायला बसलो.

आधी साधा हिशेब घ्या. इस्लामचा जन्म चौदाशे वर्षांपूर्वीचा. मग त्याचे भांडण दोन हजार वर्षांचे कसे? १४९२ साली स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा त्यांतल्या हजारोंना आसरा दिला तो तुर्की सुलतानाच्या मुलखाने. ज्यूंची वस्ती जाळणे, त्यांना शेतीची बंदी करणे, त्यांना वेगळ्या मोहल्ल्यात कोंडणे, हे सगळे प्रामुख्याने ख्रिस्ती युरोपातले उद्योग. आपल्याकडचेच पाहा ना. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज लागले, असे बेने इस्रायल लोक सांगतात. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांत त्यांनी शतकानुशतके काढली, आणि धर्मासाठी त्यांच्या अंगाला कुणी हात लावल्याची आठवण ते स्वतःही सांगत नाहीत. पुढे याच समाजातली माणसे रेल्वेत, टपालात, कस्टममध्ये भरती झाली. मध्य रेल्वेतल्या जुन्या साथींना एखादे पेणकर, रोहेकर, नागावकर नक्की आठवतील. त्यांची गोष्ट पुढे येणारच आहे.

तर मी त्या पोराला म्हणालो, “उद्या सुटी आहे ना? जे. सी. नगरला चल.”

जे. सी. नगरला एक दगडी स्तंभ आहे. बस त्याच्यावरून रोज जाते, बघत कुणी नाही. मैसूर संस्थानच्या घोडदळाचा, मैसूर लान्सर्सचा तो स्मृतिस्तंभ. इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या रणांगणावर कामी आलेल्या बेंगळुरू-मैसूरकडच्या स्वारांची ती आठवण. १९१४ साली हे घोडदळ बोटीतून इजिप्तला गेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि मैसूरच्या स्वारांनी हैफा शहर तुर्कांकडून जिंकले. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदीची दलदल, समोर तोफा आणि मशीनगन. आणि आपली माणसे भाले घेऊन घोड्यावर! ८ मेले, ३४ जखमी झाले, जोधपूरचे मेजर दलपतसिंह पडले, आणि तेराशेवर शत्रुसैनिक कैद झाले. पराक्रम खरा होता. त्याबद्दल दुमत नाही. दिल्लीतला तीन मूर्तींचा चौक त्यांच्याच आठवणीचा. २०१८ साली त्याच्या नावात ‘हैफा’ जोडले गेले आणि भाषणे झाली.

पण हैफा जिंकून दिले ते कुणाला? हा प्रश्न त्या भाषणांत कुणी विचारला नाही. जिंकून दिले ते इंग्रजाला. आणि इंग्रजाने त्या मुलखाचा सौदा आधीच करून ठेवला होता. एकदा नव्हे, तीनदा! १९१५-१६ साली मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रे लिहून कबूल केले की तुर्कांविरुद्ध उठाव करा, अरबांना स्वातंत्र्य देऊ. १९१६ च्या मे महिन्यात फ्रेंचांशी गुप्त करार केला की हा मुलूख आपण वाटून घेऊ. आणि २ नोव्हेंबर १९१७ ला परराष्ट्रमंत्री बाल्फोर याने लॉर्ड रॉथशिल्डला पत्र दिले की पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांचे राष्ट्रीय घर वसवण्यास सरकार अनुकूल आहे. एकच खोली तिघांना भाड्याने देऊन तिघांकडून पागडी उकळणारा घरमालक आपण मुंबईत पाहिला आहे. हा त्याचा बाप.

बाल्फोरचे ते पत्र सदुसष्ट शब्दांचे. तेव्हा तिथल्या दर दहा माणसांत नऊ अरब होते. त्या नऊ जणांचे नावसुद्धा पत्रात नाही. ज्यू सोडून जे इतर आहेत ते, एवढाच त्यांचा उल्लेख, आणि त्यांच्या धार्मिक व नागरी हक्कांना धक्का लागू नये अशी पुस्ती. राजकीय हक्काचे नाव नाही. या पत्राला ब्रिटिश मंत्रिमंडळात सर्वांत कडवा विरोध कुणी केला, माहीत आहे? त्या मंत्रिमंडळातला एकुलता एक ज्यू मंत्री एडविन मोंटेग्यू याने. होय, आपला भारतमंत्री, मोंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतला तोच. त्याचे म्हणणे असे की ज्यूंचे घर तिकडे आहे असे एकदा ठरवले, की प्रत्येक देशातल्या ज्यूला ‘जा तुझ्या घरी’ म्हणायला ज्यूद्वेष्टे मोकळे. तो बोटीने हिंदुस्थानकडे निघालेला असताना मंत्रिमंडळाने ठराव उरकून घेतला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्यातले काही जण पॅलेस्टाईनच्या बाजूने बोलताना ती गिळून टाकतात. युरोपातले ज्यू तिकडे निघाले ते हौसेने नव्हे. १८८१ पासून रशियात त्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले होते. फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशात १८९४ साली ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली डांबले. त्याच वातावरणात हर्झलने १८९७ मध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरवली. पुढे हिटलर आला आणि साठ लाख ज्यू मारले गेले. १९३८ साली एव्हियाँला बत्तीस देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांचे काय करायचे म्हणून जमले, आणि जवळजवळ सर्वांनी हात वर केले. अमेरिकेने १९२४ पासूनच दार लोटून घेतले होते. पाप युरोपचे, आणि त्याचे प्रायश्चित्त घेण्याची पाळी कुणावर? हैफाच्या हमालावर आणि गालिलच्या कुळावर!

कुळ हा शब्द मी मुद्दाम वापरला. रत्नागिरी-कुलाब्याकडच्या वाचकांना खोत म्हणजे काय ते सांगायला नको. जमीन कसायची कुळाने, आणि कागदावर नाव खोताचे. पॅलेस्टाईनमध्येही असेच होते. तुर्की अमदानीत जमिनींची नोंदणी झाली तेव्हा करांच्या आणि लष्करभरतीच्या भीतीने शेतकरी नोंदणीपासून दूर राहिला, आणि गावेच्या गावे शहरातल्या सावकारांच्या नावावर चढली. बैरुतचे सुरसोक नावाचे धनाढ्य घराणे होते. मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातली त्यांची जमीन १९२० च्या दशकात झायोनिस्ट संस्थांनी रोख पैसे देऊन विकत घेतली. कायद्याने सगळे चोख! खोत बैरुतला बसून पैसे मोजत राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे कूळ बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले. जमीनदार अरब होता, हे त्या कुळाच्या काय उपयोगाचे? धर्मबांधव, भाषाबांधव, सगळे होता.

पूर्वी जमीन विकली गेली तरी कूळ नव्या मालकाच्या शेतावर मजुरी करीत असे. इथे तेही दार बंद झाले. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीच्या जमिनीवर फक्त ज्यू मजूरच लावायचा, अशी अट भाडेपट्ट्यात असे. १९३० साली ब्रिटिश सरकारच्याच होप सिम्पसन अहवालाने या अटीवर बोट ठेवले. म्हणजे जमीन एकदा गेली की अरबाला ती विकत घेता येणार नाही, भाड्याने मिळणार नाही, आणि तिच्यावर घाम गाळून भाकरही मिळवता येणार नाही. असा माणूस मग जातो कुठे? आपल्याकडचा मुंबईला आला, गिरणीत गेला, गोदीत गेला, रेल्वेत खलाशी झाला. तिकडचा हैफाला गेला.

आणि इथून पुढची गोष्ट थेट आपल्या खात्याची आहे.

हैफा हे रेल्वेचे गाव. तुर्कांची हिजाझ रेल्वे तिथे १९०५ साली आली. इंग्रज आले तेव्हा त्यांनी सिनाईचे वाळवंट ओलांडून लष्करी लोहमार्ग आणून हैफाला जोडला. त्या मार्गावर राबले ते इजिप्तचे मजूर. १९२० पासून पॅलेस्टाईन रेल्वे सुरू झाली आणि हैफाला तिचे मोठे वर्कशॉप. देशात बाकी सगळीकडे ज्यूंची वसाहत वेगळी, बाजार वेगळा, शाळा वेगळ्या. रेल्वे आणि टपाल ही सरकारी खाती. तिथे मात्र लेथच्या एका बाजूला अरब फिटर आणि दुसऱ्या बाजूला पोलंड-रशियातून आलेला ज्यू फिटर. मालक एकच, इंग्रज. पगारपत्रक एक. फोरमनच्या शिव्याही दोघांना सारख्याच!

ज्यू रेल्वे कामगारांनी १९१९ मध्येच संघटना काढली. १९२० च्या डिसेंबरात त्याच हैफात हिस्ताद्रुत ही ज्यू कामगारांची मध्यवर्ती संघटना जन्मली. हिस्ताद्रुतखाली रेल्वे, टपाल आणि तार कामगारांची एकत्र युनियन झाली. नाव वाचून आपलेच वाटते ना? अरब कामगार तिच्यात यायला तयार होते, कारण पगार कमी, तास जास्त, नोकरीची शाश्वती नाही. हे दुःख दोघांचे होते. त्यांची अट एकच: युनियन सगळ्यांची असेल तर ती सगळ्यांचीच असू द्या, झायोनिस्ट चळवळीच्या मध्यवर्ती संघटनेचे शेपूट नको. हिस्ताद्रुतच्या पुढाऱ्यांना हे पटेना. बेन गुरियन १९२१ पासून हिस्ताद्रुतचे सरचिटणीस. त्यांचे धोरण असे की ज्यूंची वेगळी, अरबांची वेगळी, आणि वर फार तर सहकार्याची समिती. कारण हिस्ताद्रुतला नुसती पगारवाढ नको होती, ज्यूंचे राज्य उभारायचे होते, आणि त्यासाठी ‘हिब्रू श्रम’ हवा होता. ज्यू मालकाच्या कारखान्यात, बागेत, बांधकामावर फक्त ज्यू मजूर, ही त्यांची मागणी. संत्र्यांच्या बागांपुढे त्यांनी पिकेटिंग केले ते अरब मजुराला कामावरून काढा म्हणून! लाल झेंडा, मे दिन, सहकारी कारखाने, आरोग्य फंड, सगळे त्यांच्याकडे होते. नव्हता तो फक्त शेजारच्या लेथवरचा माणूस.

अखेर हैफाचे अरब रेल्वे कामगार बाहेर पडले आणि १९२५ साली त्यांनी पॅलेस्टाईन अरब कामगार संस्था स्थापन केली. एका वर्कशॉपमध्ये दोन युनियन झाल्या. त्या दिवशी इंग्रज मॅनेजर घरी जाऊन शांत झोपला असेल.

हे वाचून नाक मुरडू नका. ‘आमच्या गावात आमच्याच माणसाला नोकरी’ ही घोषणा आपल्या ओळखीची नाही काय? १९६६ नंतर मुंबईत ती दाक्षिणात्यांविरुद्ध दिली गेली तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी टाळ्या वाजवल्या? २००८ साली रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबईत मारहाण झाली तेव्हा रेल्वेतल्या मराठी कामगारांनी किती ठिकाणी निषेधाची सभा घेतली? मी बेंगळुरूत राहणारा मराठी माणूस आहे. डिसेंबर १९९१ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून इथे तमिळ मजुरांच्या झोपड्या जळताना पाहिल्या आहेत. त्या रात्री आमच्या चाळीत सगळे कानडीत बोलत होते, मराठी कुणाच्या तोंडातून निघत नव्हती. भूमिपुत्राची काठी कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या पाठीवर पडते, हे फक्त गाव बदलले की बदलते.

हैफाकडे परत येऊ. जमिनीवरून उठवलेली माणसे शहराबाहेर पत्र्याच्या झोपड्यांत राहत होती. त्यांच्यात इझ्झद्दीन अल-कस्साम नावाचा एक मौलवी फिरू लागला. त्याने त्यांना अक्षरे शिकवली आणि बंदूकही दिली. नोव्हेंबर १९३५ मध्ये इंग्रजांनी त्याला मारले. आज हमासच्या सशस्त्र दलाला त्याचेच नाव आहे. भूमिहीन कुळाला युनियनने दार लावले, तेव्हा त्याला आत घेणारा दुसरा कुणीतरी भेटलाच. १९३६ च्या एप्रिलमध्ये अरबांचा सार्वत्रिक संप झाला आणि तो सहा महिने चालला. पण गंमत पाहा, हैफाच्या रेल्वेतले अरब कामगार बहुतेक संपात उतरले नाहीत. आपण बाहेर पडलो की आपल्या जागी ज्यू भरले जातील, ही त्यांना भीती. १९६० चा, १९६८ चा, १९७४ चा संप पाहिलेल्यांना ही भीती कळेल. बडतर्फीची नोटीस आणि बदलीचा माणूस हे दोन्ही एकाच लखोट्यातून येतात.

आणि तरीही! त्याच हैफात १९४६ उजाडले.

युद्धकाळात महागाई आभाळाला भिडली होती. एप्रिल १९४६ मध्ये तेल अवीवच्या टपाल कामगारांनी काम बंद केले. बघता बघता देशभरचे टपाल, तार, टेलिफोन बंद. मग रेल्वे उतरली. मग बंदर, बांधकाम खाते, सरकारी कचेऱ्यांतले कनिष्ठ कारकून. ऐन भरात सुमारे २३ हजार सरकारी कामगार-कर्मचारी संपावर होते, अरब आणि ज्यू, एकत्र! सभांतून अरबी आणि हिब्रू दोन्ही भाषांत एकजुटीच्या घोषणा. साधारण दोन आठवडे सरकारचा गाडा ठप्प झाला. ज्या सरकारने पंचवीस वर्षे जगाला सांगितले की ही दोन माणसे एकमेकांचा गळा धरतील म्हणून मी मध्ये उभा आहे, त्याच सरकारचा गळा दोघांनी मिळून धरला. पगारवाढ, महागाई भत्ता, पेन्शन यांत पदरात पाडून घेतले तेव्हाच माघार घेतली. दोन्हीकडच्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांना मात्र हा संप पोटात दुखण्यासारखा झाला. काही अरब वर्तमानपत्रांना त्यात झायोनिस्टांचा कावा दिसला, आणि हिस्ताद्रुतच्या वरच्या वर्तुळाला हा संप आपल्या राजकारणाच्या आड येईल अशी धास्ती.

आता आपल्याकडे या. ११ जुलै १९४६! टपाल खात्यातल्या कुणाला ही तारीख सांगायला हवी काय? तेल अवीवनंतर तीनच महिन्यांनी इथला पोस्टमन बाहेर पडला, तोच मालक, तीच महागाई, त्याच मागण्या. २९ जुलैला कलकत्त्याने टपाल कामगारांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप केला, हिंदू-मुसलमान कामगार खांद्याला खांदा लावून रस्त्यावर. आणि बरोबर अठरा दिवसांनी, १६ ऑगस्टला, त्याच कलकत्त्यात कत्तल सुरू झाली. अठरा दिवस! या दोन तारखांमधले अंतर माझ्या मनातून कधी गेले नाही. ज्यांनी संप एकत्र केला तीच माणसे एकमेकांपासून तोडता येतात, आणि फार वेळही लागत नाही.

पॅलेस्टाईनमध्ये थोडा जास्त वेळ लागला. सप्टेंबर १९४७ मध्ये अरब कामगार संस्थेचे नेते सामी ताहा यांना हैफात गोळ्या घालून मारण्यात आले. मारेकरी सापडला नाही. संशय मुफ्तीच्या गोटावर होता. मुफ्ती म्हणजे जेरुसलेमचे ते धर्मगुरू, जे महायुद्धात हिटलरला जाऊन भेटले. अरब कामगाराचा नेता अरब पुढाऱ्यांनाच नकोसा झाला होता. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव आला. ज्यू वस्ती तेव्हा एक-तृतीयांश आणि त्यांच्या मालकीची जमीन सात टक्क्यांच्या आसपास. ठरावाने त्यांच्या राज्याला निम्म्याहून जास्त मुलूख दिला. ३३ मते बाजूने, १३ विरुद्ध. विरुद्ध मत देणाऱ्यांत भारत होता. त्याआधी चौकशी समितीवर भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने एका संघराज्याची वेगळी योजना मांडली होती. फाळणी म्हणजे काय हे आपण तीन महिन्यांपूर्वीच भोगले होते.

३० डिसेंबर १९४७. हैफाचा तेल शुद्धीकरण कारखाना. फाटकाबाहेर रोजंदारीसाठी उभ्या असलेल्या अरब मजुरांच्या गर्दीवर इर्गुन या ज्यू अतिरेकी टोळीने बाँब फेकले, सहा मेले. बातमी आत पोचताच अरब कामगार आपल्याच ज्यू सहकाऱ्यांवर तुटून पडले आणि ३९ जणांना हातोड्यांनी, सळयांनी ठार केले. दुसऱ्या रात्री हगानाच्या तुकड्यांनी जवळच्या बलद अल-शेख गावात शिरून डझनावारी माणसे मारली. त्या गावात कामगारच राहत. हत्यार कुठले वापरले ते पुन्हा वाचा. ज्या सळईने शिफ्ट चालते, तीच!

एप्रिल १९४८ मध्ये हैफा हगानाच्या हाती गेले. साठ-सत्तर हजार अरबांपैकी तीन-चार हजार उरले. बाकीचे बंदरातून होड्यांनी, मिळेल त्या वाहनाने गेले. जुलै १९४८ मध्ये पाळी आली लिद्दाची. लिद्दा म्हणजे पॅलेस्टाईन रेल्वेचे मुख्य जंक्शन; आपले मनमाड, नाहीतर हुबळी म्हणा. लिद्दा आणि शेजारचे रामले या दोन गावांतून पन्नास हजारांवर माणसांना भर उन्हात पायी हाकलले. मागे ठेवले त्यांत काही रेल्वे कामगारांची कुटुंबे होती. कारण? गाड्या चालल्या पाहिजेत ना! माणूस नको होता, त्याचा हात हवा होता. देशभरातून सात लाखांवर माणसे निर्वासित झाली. त्यांतल्या पुष्कळांची मुले-नातवंडे ती आजची गाझा. १९५० मध्ये कायदा करून त्यांची घरे-जमिनी ‘गैरहजर मालकां’ची म्हणून सरकारजमा केली.

त्या लिद्दाला आता लोद म्हणतात. तिथल्या रिकाम्या घरांच्या, नव्या वसाहतींच्या वस्तीला पुढे कोण आले? इराकमधले, मोरोक्कोतले ज्यू आले, आणि आली आपली बेने इस्रायल माणसे. रेवदंडा, पेण, पनवेल, भायखळा सोडून गेलेली. लोद, रामले, बीरशेबा, दिमोना, अश्दोद इथे त्यांची घरे झाली, मराठी बोलणे चालू राहिले, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. पण स्वागत कसे झाले? १९५१ च्या अखेरीस बीरशेबाला बेने इस्रायल स्थलांतरितांनी चक्क ठिय्या दिला. युरोपातून आलेल्यांना चांगले काम, चांगले घर. आम्ही काळे म्हणून आम्हांला उरलेले, ही तक्रार. आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा, ही मागणी. १९५२ साली शंभराहून अधिक जणांना खरोखर परत पाठवावे लागले. पुढे १९६२ पासून बड्या धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशावळी तपासायचे फर्मान काढले. हे खरे ज्यू आहेत की नाहीत याची खात्री करायला! पुन्हा आंदोलन, पुन्हा ठिय्या, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून त्यांना पूर्ण ज्यू मानले. ठिय्या द्यायला ही माणसे शिकली कुठे, हे आपण ओळखले असेलच.

कोकणातल्या तेल्याला लोदला नेऊन बसवणे, आणि लोदच्या अरब रेल्वेवाल्याला गाझाच्या तंबूत नेऊन टाकणे, यात दोन हजार वर्षांच्या वैराचा कुठे संबंध येतो? २ नोव्हेंबर १९१७ ते जुलै १९४८, एवढ्या तीस-एकतीस वर्षांत हे घडवले गेले. त्यात इंग्रजाचे पत्र होते, बैरुतच्या सावकाराची सही होती, युरोपचा ज्यूद्वेष होता, हिस्ताद्रुतची अट होती, मुफ्तीचे राजकारण होते. घडवणाऱ्यांची नावे आणि तारखा मिळतात. धर्मग्रंथ उघडायची गरज पडत नाही.

“हे जुने झाले, आजचे काय?” असे तो सॉर्टर स्तंभापाशी म्हणालाच. आजचे हे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यांत बायका, म्हातारे, शेतावर राबणारे थायलंडचे मजूरही होते. ती हत्या होती, तिला दुसरे नाव नाही. त्यानंतर गाझावर जे दोन वर्षे चालले त्यात, तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीने, साठ हजारांवर माणसे मेली. आणि याच काळात इस्रायलने पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रद्द केले. बांधकामे बंद पडली. मग त्यांच्या जागी माणसे कुठून आणायची ठरले? आपल्याकडून! नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन सरकारांचा करार झाला. जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला आणि लखनौला सेंट्रिंगवाले, फरशीवाले, गवंडी रांगेत उभे होते. पुढे पुण्यातही भरती झाली. तिकडे महिना लाखाच्या वर पगार, इकडे हाताला काम नाही. त्या रांगेतल्या पोराला मी दोष देणार नाही. त्याला तिथे उभे करणाऱ्याला देईन. मार्च २०२४ मध्ये केरळचा एक शेतमजूर लेबनॉनमधून आलेल्या क्षेपणास्त्राने तिथे मेला. शंभर वर्षांपूर्वी अरबाच्या जागी ज्यू मजूर भरला, आता पॅलेस्टिनीच्या जागी भारतीय. बदलीचा माणूस! १९७४ साली बदलीच्या माणसाला आपण काय म्हणत होतो ते आठवा, आणि मग ठरवा याचा आपल्याशी संबंध आहे की नाही.

मध्यवर्ती कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच संयुक्त पत्रक काढून या भरतीला विरोध केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोदी कामगारांच्या महासंघाने जाहीर केले की इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आमची माणसे चढवणार-उतरवणार नाहीत. गोदीवाल्यांनी केले. रेल्वेने आणि टपालाने काय केले? आमच्या शाखेच्या ठरावांच्या वहीत त्या वर्षी चौदा ठराव आहेत. यावर एकही नाही. वही मी स्वतः चाळली.

दर २३ सप्टेंबरला हैफा दिन पाळतात, जे. सी. नगरच्या स्तंभाला फुले वाहतात. मी शाखेच्या सभेपुढे लेखी सूचना ठेवली आहे की या वर्षी आपणही हार घेऊन जावे आणि हाराच्या फितीवर दोन तारखा असाव्यात: २३ सप्टेंबर १९१८, आणि तिच्याखाली एप्रिल १९४६. सूचनेला अजून अनुमोदक मिळालेला नाही. तो रात्रपाळीचा सॉर्टर सभेला येतो म्हणाला आहे.